व्रणाचा भूगोल : वाळूमाशी, परजीवी आणि सह्याद्रीतील नवी वसाहत

त्वचेचा लीशमॅनियासिस हा एकपेशीय परजीवीमुळे होणारा आणि वाळूमाशी या अतिशय लहान, रक्त शोषणाऱ्या कीटकाच्या दंशातून पसरणारा रोग आहे. दंशाच्या जागी काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी एक लालसर पुटकुळी उठते, ती सावकाश वाढते, मध्यभागी फुटते आणि उंच कडांचा, बहुधा न दुखणारा व्रण तयार होतो. हा व्रण कित्येक महिने, कधी वर्षभराहूनही अधिक काळ राहतो आणि भरून येताना कायमचा खोलगट वण मागे ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ ते १० लाख लोकांना हा रोग नव्याने होतो. त्याने सहसा जीव जात नाही आणि तो बहुतांशी गरिबांना होतो, म्हणून त्याच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. पण वाळूमाशी उघड्या त्वचेवर चावत असल्याने वण पुष्कळदा चेहऱ्यावरच राहतो, आणि ज्या समाजात मुलीचे लग्न तिच्या चेहऱ्यावरून ठरते तेथे अशा वणाची किंमत ती मुलगी जन्मभर मोजते.

हा रोग सगळीकडे होत नाही. जगाच्या नकाशावर तो ठिपक्याठिपक्यांनी दिसतो, आणि एखाद्या ठिपक्याजवळ जाऊन पाहिले तर त्यातही पुन्हा एक दरी असते, दुसरी नसते. गावाची एक कड असते, मधली वस्ती नसते. या विषमतेचे कारण परजीवीत जितके आहे तितकेच मातीत, बिळांत, भिंतींच्या भेगांत, गोठ्यांत आणि माणसांच्या राहणीत आहे. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात मोसे नदीच्या खोऱ्यात वसलेले लवासा हे या रोगाचे क्षेत्र नाही, किंबहुना महाराष्ट्रच त्याचा स्थानिक प्रदेश मानला जात नाही. तरीही हा रोग समजून घेण्यासाठी लवासासारखी जागा उपयोगाची ठरते. एका दुर्गम खोऱ्याचे अल्पकाळात शहर करायला घेतले की माती, प्राणी, कीटक आणि माणूस यांचे जुने संबंध कसे बदलतात, आणि त्या बदलांतून असे रोग कोठे जन्मले आहेत, हे तेथे नेमकेपणाने विचारता येते.

लीशमॅनिया या परजीवीच्या वीसहून अधिक जाती माणसाला बाधतात. त्याची दोन रूपे असतात. माणसाच्या किंवा अन्य सस्तन प्राण्याच्या शरीरात तो गोल, शेपटी नसलेल्या रूपात राहतो आणि त्याचा आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन ते चार पट इतकाच असतो. विशेष म्हणजे तो भक्षकपेशींच्या आत, म्हणजे शरीरात शिरलेले जंतू गिळून पचवण्याचे काम ज्यांच्याकडे आहे त्याच पांढऱ्या पेशींच्या आत वाढतो. वाळूमाशी अशा प्राण्याचे रक्त शोषते तेव्हा या पेशी तिच्या पोटात जातात आणि तेथे परजीवी लांबट, पुढे एक चाबकासारखी शेपटी असलेले रूप धारण करतो. हे जीव माशीच्या आतड्यात वाढतात, पुढे सरकत तिच्या घशाजवळच्या झडपेपाशी जमतात, एक चिकट पदार्थ स्रवून तो मार्ग अंशतः बंद करतात आणि त्या झडपेलाही इजा करतात. मार्ग तुंबलेल्या माशीला पोटभर रक्त ओढता येत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा दंश करते आणि दर वेळी थोडे परजीवी जखमेत ओकते. स्वतःच्या प्रसारासाठी वाहक कीटकाचे वागणेच बदलून टाकणाऱ्या परजीवींची जी उदाहरणे जीवशास्त्राला ठाऊक आहेत, त्यांत हे फार नीट अभ्यासलेले आहे.

या परजीवीचा शोध भारताशी निकटचा निगडित आहे. दिल्लीत पूर्वी आढळणाऱ्या अशाच व्रणाच्या उतींत डेव्हिड डग्लस कनिंगहॅम यांनी १८८५ मध्ये कलकत्त्यात काही चमत्कारिक सूक्ष्म पिंड पाहिले, पण ते काय आहेत हे त्यांना उलगडले नाही. १८९८ मध्ये ताश्कंद येथे बोरोव्स्की यांनी ते आदिजीव असल्याचे ओळखले. १९०३ मध्ये विल्यम लीशमन यांनी, आणि स्वतंत्रपणे मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांनी, प्लीहा फुगवणाऱ्या काळ्या आजाराच्या रुग्णांत तसेच पिंड असल्याचे प्रसिद्ध केले, आणि त्या जातीला रोनाल्ड रॉस यांनी दोघांचीही नावे एकत्र करून लीशमॅनिया डोनोव्हनी असे नाव दिले. त्याच वर्षी जेम्स होमर राइट यांनी बोस्टनमध्ये एका बालरुग्णाच्या त्वचेवरील व्रणातील परजीवीचे तपशीलवार वर्णन केले. पिंड सापडले तरी ते माणसाच्या शरीरात येतात कसे, हे कळायला आणखी जवळजवळ चाळीस वर्षे लागली. १९२१ मध्ये सर्जंट बंधू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिरडलेल्या वाळूमाश्या माणसाच्या खरचटलेल्या त्वचेवर लावून व्रण उत्पन्न करून दाखवला, पण प्रत्यक्ष दंशातून संसर्ग होतो हे १९४१ मध्ये ॲडलर आणि बेर यांनी त्वचेच्या रोगाबाबत, तर १९४२ मध्ये स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी काळ्या आजाराबाबत सिद्ध केले.

इतका वेळ लागण्याचे एक कारण वाळूमाशीच आहे, कारण हा कीटक सहज दिसत नाही. तिची लांबी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे डासाच्या निम्म्याहून कमी असते. अंगावर दाट केस असतात आणि बसताना ती पंख मिटून न घेता वर उभारून इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात धरते. ती डासासारखी गुणगुणत नाही, त्यामुळे दंश झाल्यावरच तिची जाणीव होते. तिचे उडणे दुबळे असते, भिंतीवरून किंवा अंगावरून ती लहान लहान उड्या घेत सरकते, जरासा वारा असला तरी बाहेर पडत नाही, आणि बहुतेक माश्यांचे सारे आयुष्य जन्मस्थानापासून काहीशे मीटरांच्या आत संपते. रोग ठिपक्याठिपक्यांनी दिसतो त्याचा मोठा भाग या दुबळ्या पंखांतच आहे.

रक्त फक्त मादी शोषते आणि तेही अंडी पिकवण्यासाठी. एरवी नर आणि मादी दोघेही वनस्पतींचा गोड रस व मावा किडीने टाकलेला मधुर स्राव यांवर जगतात. मादीची सोंड आखूड आणि करवतीसारखी असते; ती त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या कापते आणि साचलेल्या रक्ताच्या थेंबातून पिते. तिच्या लाळेत रक्तवाहिन्या रुंदावणारी आणि शरीराचा स्थानिक प्रतिकार मंदावणारी द्रव्ये असतात, आणि परजीवीला पाय रोवायला तीच मदत करतात. अंडी ती पाण्यात घालत नाही, आणि डासांच्या विरोधातील सवयीचे उपाय वाळूमाशीपुढे तोकडे पडतात ते यामुळेच. तिच्या अळ्या ओलसर, अंधाऱ्या, सेंद्रिय द्रव्याने समृद्ध मातीत, म्हणजे गोठ्यातल्या शेणमिश्रित जमिनीत, उंदरांच्या बिळांत, वाळवीच्या वारुळांत, झाडांच्या ढोलीत आणि पडक्या भिंतींच्या पायथ्याशी वाढतात. अंड्यापासून माशी होण्यास तापमानानुसार सुमारे एक ते दोन महिने लागतात. या काळात माती ओलसर राहायला हवी, पण तिच्यात पाणी तुंबता कामा नये. कोरड्या मातीत अळी सुकते आणि तुंबलेल्या पाण्यात बुडते. तुंबलेली गटारे वाहती केली, टाक्या झाकल्या, डबकी बुजवली तर डास कमी होतात, परंतु वाळूमाशीचे त्यात काहीच बिघडत नाही.

वाळूमाशीला हवी असलेली ओल आणि अंधार वाळवंटात कोठे मिळत असेल, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी तुर्कमेनिस्तानात विचारला आणि त्याच्या उत्तरातून रोगांच्या परिसरशास्त्राचा एक मूलभूत सिद्धांत उभा राहिला. काराकुम वाळवंटात मोठे जर्बिल उंदीर जमिनीखाली अनेक दालनांची, वर्षानुवर्षे वापरात राहणारी बिळे करून वसाहतीने राहतात. वर जमीन भाजत असताना बिळाच्या आत हवा थंड आणि दमट असते; तेथेच वाळूमाश्या विसावतात, अंडी घालतात आणि त्याच उंदरांचे रक्त पितात. उंदरांच्या कानांवर बारीक व्रण असतात, पण त्यांना त्याचा फारसा त्रास होत नाही. परजीवी अशा प्रकारे उंदीर ते माशी ते उंदीर असा माणसाविना फिरत राहतो, आणि माणूस, मग तो मेंढपाळ असो, सैनिक असो वा कालवा खणणारा मजूर, त्या वर्तुळात बाहेरून शिरतो. येव्गेनी पावलोव्स्की यांनी १९३९ मध्ये यालाच रोगाचे नैसर्गिक केंद्र म्हटले. ज्या प्राण्यांच्या शरीरात परजीवी दीर्घकाळ टिकून राहतो त्यांना संचयक प्राणी म्हणतात. हे प्राणी, वाहक कीटक आणि दोघांना मानवणारी जमीन यांचा संयोग जेथे होतो तेथे माणूस असो वा नसो, रोग असतोच, असे या सिद्धांताचे म्हणणे आहे. विसाव्या शतकात रोगांविषयी मांडल्या गेलेल्या सर्वांत फलदायी विचारांपैकी हा एक आहे, आणि बांधकामाचे आराखडे करणाऱ्यांनी तो वैद्यांइतकाच अभ्यासायला हवा.

भारतात याचे सर्वांत जवळचे उदाहरण थरच्या वाळवंटात आहे. तेथील वाळवंटी जर्बिल उंदरांत लीशमॅनिया मेजर ही जात सापडलेली आहे. बिकानेर शहरातील रुग्णांच्या अलीकडच्या जनुकीय तपासण्यांत मात्र प्रामुख्याने लीशमॅनिया ट्रॉपिका ही दुसरी जात आढळली. तिचे चक्र वेगळे आहे: तेथे संचयक प्राणी बहुधा माणूसच असतो, आणि घराच्या भेगांत राहणारी माशी एका माणसाच्या उघड्या व्रणावरून दुसऱ्या माणसाकडे परजीवी नेते. अलेप्पो, बगदाद, काबूल या जुन्या दाटीवाटीच्या शहरांना ज्या व्रणाने शतकानुशतके पिडले तो हाच. पश्चिम आशियात काही ठिकाणी लहान मुलांच्या कपड्यांनी झाकल्या जाणाऱ्या अंगावर रुग्णाच्या व्रणातील द्रव मुद्दाम टोचण्याची पद्धत होती, कारण एकदा व्रण होऊन बरा झाला की त्याच जातीपासून बहुधा आयुष्यभर संरक्षण मिळते, हे लोकांनी अनुभवाने ओळखले होते आणि निदान चेहरा तरी वाचावा एवढाच त्यांचा हेतू होता.

एकाच रोगाच्या या दोन तऱ्हा ध्यानात घेतल्याशिवाय उपाय ठरवता येत नाही. उंदरांच्या चक्रात माणसाला औषध दिल्याने त्या रुग्णाचे भले होते, पण रोगाचे केंद्र जसेच्या तसे राहते. माणसांच्या चक्रात मात्र प्रत्येक बरा झालेला रुग्ण हा संसर्गाचा एक मिटलेला उगम असतो. हिवतापाविरुद्ध १९५० च्या दशकात देशभर डीडीटीची फवारणी झाली, तेव्हा भिंतींवर विसावणाऱ्या वाळूमाश्या अनायासे मेल्या आणि काळा आजार व दिल्लीचा व्रण हे दोन्ही जवळजवळ नाहीसे झाले. फवारणी थंडावल्यानंतर बिहारमध्ये १९७० च्या दशकात काळा आजार मोठ्या साथीच्या रूपाने परतला. घरातल्या भिंतींवरची फवारणी बिळातल्या माशीपर्यंत मात्र पोचत नाही.

सह्याद्रीच्या दृष्टीने खरी महत्त्वाची आहे ती तिसरी तऱ्हा. लीशमॅनिया डोनोव्हनी ही जात पाठ्यपुस्तकांत काळ्या आजाराची, म्हणजे यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा ग्रासणाऱ्या व उपचाराविना जीव घेणाऱ्या रोगाची, म्हणून येते. तीच जात काही प्रदेशांत आतल्या अवयवांना न शिवता केवळ त्वचेवर व्रण करते. श्रीलंकेत अशा स्थानिक रुग्णाची पहिली नोंद १९९२ मध्ये झाली आणि पुढे हा रोग तेथे हजारो लोकांपर्यंत पोचला. हिमाचल प्रदेशात सतलजच्या खोऱ्यातील १६१ रुग्णांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात डोनोव्हनी आणि ट्रॉपिका या दोन्ही जाती आढळल्या. आणि पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला, केरळातील अगस्त्यमला जीवावरण क्षेत्राच्या जंगलात राहणाऱ्या काणी आदिवासींमध्ये आढळलेला त्वचेचा लीशमॅनियासिस हा डोनोव्हनीमुळेच होत असल्याचे पुदुच्चेरी येथील वाहक नियंत्रण संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. काणी लोक जंगलात विखुरलेल्या वस्त्यांत राहतात, आणि त्यांच्या घरांभोवती फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस ही वाळूमाशी विपुल आढळते. हीच माशी बिहार आणि बंगालमध्ये काळा आजार पसरवते, आणि ती महाराष्ट्रातही आढळते.

म्हणजे सह्याद्रीच्या एका टोकाला हा रोग आहे आणि त्याची वाहक माशी त्याच डोंगररांगेच्या उत्तर भागातही आहे. यातून मुळशीत उद्या साथ येईल असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. अर्जेंटिपेस ही अनेक उपप्रकारांची माशी आहे, तिचे प्रकार वेगवेगळ्या प्राण्यांचे रक्त पसंत करतात, आणि गुरांचे रक्त सहज मिळत असेल तर ती माणसाकडे कमीच वळते. पण उंचीच्या आधाराने निर्धास्त राहणेही तितकेच चुकीचे आहे. काळा आजार ६०० मीटरांच्या वर होत नाही, असा भारतीय वैद्यकातील जुना नियम आहे, आणि लवासाचा परिसर वरसगावच्या जलाशयाच्या काठापासून डोंगरमाथ्यांपर्यंत साधारणपणे या उंचीच्या वरच येतो. गंगेच्या मैदानाबाबत हा नियम खरा असला तरी सतलजच्या खोऱ्यात रुग्ण याहून कितीतरी उंचावरच्या गावांत सापडले. उंची हा रोगाचा थेट अडसर नसून ती तापमान, ओल आणि माशीची जात ठरवते, आणि या तिन्ही गोष्टी एका दरीत एक तर दुसऱ्या दरीत दुसऱ्या असू शकतात.

आता मोसे खोऱ्याकडे पाहावे. वरसगाव धरणाने अडवलेल्या मोसे नदीचा वीर बाजी पासलकर जलाशय, त्याभोवतीचे तीव्र उतार, काळ्या बेसाल्टचे कडे, कारवी, गवताळ सडे आणि ओढ्यांच्या घळींत टिकून राहिलेले जंगल, असे या भागाचे रूप आहे. जून ते सप्टेंबर येथे धो धो पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने जमीन हळूहळू सुकत जाते. दासवे, मुगाव, धामणओहोळ यांसारख्या गावांत कुडाच्या किंवा मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन आणि घराला लागून गोठा अशी राहणी पिढ्यानपिढ्या होती. २००१ मध्ये राज्य शासनाने येथील १८ गावांचा परिसर गिरिस्थान म्हणून अधिसूचित केला आणि पुढे दासवे येथून नव्या शहराची उभारणी सुरू झाली. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पर्यावरणविषयक परवानगीच्या प्रश्नावरून काम थांबवले, २०११ मध्ये अटींसह परवानगी मिळाली, आणि २०१८ मध्ये प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. या वादाच्या आर्थिक आणि कायदेशीर बाजूंवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परिसरशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की डोंगर कापला गेला, दगडांचे आणि मातीचे ढीग पडले, काही इमारती राहत्या झाल्या, काही अर्धवट राहिल्या, आणि एकाच खोऱ्यात जुने गाव, नवे शहर, ओसाड बांधकाम व जंगल ही चार रूपे एकमेकांना खेटून उभी राहिली.

अशी खेटून उभी असलेली रूपेच अन्यत्र या रोगाला अनुकूल ठरली आहेत. उत्तर इस्रायलमध्ये तिबेरियाससारख्या गावांच्या डोंगरउतारांवर नवी घरे बांधताना कापलेल्या खडकांचे ढीग वस्तीच्या कडेला लोटून दिले गेले. हायरॅक्स नावाचा, सशाएवढा, बिनशेपटीचा, खडकांच्या कपारीत कळपाने राहणारा प्राणी त्या ढिगांत राहायला आला, कारण नैसर्गिक कड्यांपेक्षा तेथे त्याला अधिक पोकळ्या आणि शेजारच्या बागांत आयते अन्न मिळाले. हायरॅक्स हा तेथील लीशमॅनिया ट्रॉपिकाचा संचयक प्राणी आहे, आणि त्याच पोकळ्यांत वाळूमाश्या वाढतात. बिकानेरमध्ये ज्या जातीला माणूस पुरतो तीच जात येथे खडकातल्या प्राण्यात नांदते आणि ढिगाशेजारच्या घरातल्या मुलाच्या गालावर व्रण करते. सह्याद्रीत हायरॅक्स नाही. परंतु घूस, रानउंदीर, ससा, मुंगूस आणि भटकी कुत्री अशा राडारोड्यात आसरा घेतातच, आणि डोंगर कापून टाकलेला दगड लवासाच्या उतारांवरही आहे.

दुसरे उदाहरण तर आराखड्यात हिरवी जागा राखणाऱ्या प्रत्येक नगररचनाकाराने वाचावे असे आहे. स्पेनमध्ये माद्रिदच्या दक्षिणेला फुएनलाब्रादा नावाचे नगर आहे, आणि त्याच्या लगत एक विस्तीर्ण हरित उद्यान नव्याने तयार करण्यात आले. उद्यानात ससे निर्धोकपणे वाढले, कारण त्यांना खाणारे प्राणी तेथे नव्हते आणि शिकारीला बंदी होती. त्या सशांत लीशमॅनिया इन्फॅन्टम हा परजीवी नांदू लागला, आणि वाळूमाश्या उद्यानातून लगतच्या घरांत पोचू लागल्या. जुलै २००९ ते डिसेंबर २०१२ या काळात तेथे ४४६ रुग्णांची नोंद झाली, त्यांत बहुसंख्य त्वचेच्या रोगाचे तर उरलेले आतल्या अवयवांच्या रोगाचे होते. युरोपातल्या एका सुस्थितीतील, आरोग्यसेवेने सज्ज शहरात हे घडले. झाडे लावण्यात चूक नव्हती. चूक ही की भक्षक प्राण्यांविना सशांची संख्या किती वाढेल आणि त्यांच्यासोबत काय येईल, हा प्रश्न उद्यान आखताना कोणी विचारला नाही.

ट्युनिशियात १९८० च्या दशकाच्या आरंभी कैरुआन भागात सिदी साद धरण बांधले गेले आणि त्याच सुमारास तेथे उंदरांकडून माणसांत येणाऱ्या त्वचेच्या लीशमॅनियासिसची मोठी साथ सुरू झाली, जी पुढे देशाच्या मध्यभागात पसरली. धरणाने आसपासच्या कोरड्या जमिनीतील ओल वाढली आणि ज्या खारट झुडपांवर तेथील उंदीर जगतात त्यांचीही सोय झाली. वरसगावला ही तुलना जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण चार महिने पावसाने चिंब होणाऱ्या घाटात ओलीचा प्रश्न उलटा आहे: पावसाळ्यात बिळे आणि भेगा पाण्याने भरतात आणि अळ्या बुडतात, तर पाऊस ओसरल्यानंतरच्या आठवड्यांत आणि पुन्हा उन्हाळ्याच्या तोंडावर, जलाशयाकाठच्या न सुकणाऱ्या मातीत त्यांना अनुकूल अवधी मिळू शकतो. डांबरी रस्ते, पक्की जोती आणि पाण्याचा निचरा यांनी एकीकडे त्यांची जागा घटते. बागांना बारमाही पाणी, झाडांच्या बुंध्याशी कुजणारा पालापाचोळा आणि बंद इमारतींचे दमट तळमजले यांनी दुसरीकडे ती वाढते. शेवटी बेरीज काय येते, हे प्रत्येक उतारावर रात्री प्रकाशसापळे लावून आणि तेलकट कागदांवर माश्या धरून मोजल्याशिवाय ठरत नाही.

महाराष्ट्राला वाळूमाशीचे वावडे नाही, हे एका निराळ्या रोगाने कधीच दाखवून दिले आहे. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाच्या नावाने ओळखला जाणारा विषाणू १९६५ मध्ये पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील भट आणि रॉड्रिग्स यांनी, तापाच्या रुग्णांच्या रक्तातून वेगळा केला. काही वर्षांत तो औरंगाबादच्या वाळूमाश्यांतही सापडला. २००३ मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात या विषाणूने मुलांत मेंदूज्वराची साथ आणली, आणि एकट्या आंध्र प्रदेशात ३२९ बाधित मुलांपैकी १८३ दगावली. हा विषाणू आहे, परजीवी नव्हे, आणि तो त्वचेचा रोगही नाही. पण त्याची वाहकही भेगाळलेल्या भिंतीतली वाळूमाशीच आहे. त्याचप्रमाणे १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेलेला माकडताप गोचिडींमार्फत पसरत घाटाच्या कडेने उत्तरेकडे सरकला आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले. सह्याद्रीतील रोगांची केंद्रे स्थिर नाहीत, ती जंगल आणि वस्ती यांच्या बदलत्या सीमेबरोबर हलतात, हे यावरून दिसते.

बांधकामाचा आणखी एक धागा माणसांशी जुळलेला आहे आणि त्याबद्दल जपून पण स्पष्ट बोलले पाहिजे. काळ्या आजारातून बरे झालेल्या भारतीय रुग्णांपैकी काहींच्या त्वचेवर सहा महिन्यांनी ते कित्येक वर्षांनी फिकट चट्टे आणि गाठी उठतात. या अवस्थेचे पहिले वर्णन उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२२ मध्ये केले. काळ्या आजारावरचे युरिया स्टिबामाइन हे औषध शोधणारे शास्त्रज्ञही तेच. हे चट्टे दुखत नाहीत, खाजत नाहीत, म्हणून रुग्ण वैद्याकडे जात नाही, पण त्यांत परजीवी जिवंत असतो आणि दंश करणाऱ्या माशीला तो मिळतो. देशात काळ्या आजाराचे जे जिल्हे आहेत ते बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशात, आणि महाराष्ट्रातल्या बांधकामांवर याच राज्यांतील पुष्कळ मजूर काम करतात. यावरून मजूर रोग घेऊन येतात असे म्हणणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय शास्त्रदृष्ट्याही अपुरे आहे, कारण अनुकूल माशी आणि तिला राहायला जागा नसेल तर एक रुग्ण साथ निर्माण करू शकत नाही. ती जागा मजुराच्या पत्र्याच्या झोपडीभोवती राडारोडा, उघडा कचरा आणि ओली माती ठेवणाऱ्या व्यवस्थेने तयार होते. त्याला बंदिस्त घर, मच्छरदाणी आणि कामाच्या जागी त्वचेची तपासणी मिळणे हा त्याचा हक्क आहे, आणि त्याचे आरोग्य सांभाळले गेले की स्थानिकांचेही आपोआप सांभाळले जाते. मच्छरदाणीविषयी एवढे सांगायला हवे की नेहमीच्या जाळीतून वाळूमाशी आत शिरू शकते. तिच्यासाठी अधिक बारीक छिद्रांची किंवा कीटकनाशक लावलेली जाळी लागते.

अशा रुग्णांचे निदान चुकण्याची शक्यता महाराष्ट्रात अधिक आहे. फिकट चट्टा किंवा गाठ दिसली की येथील वैद्याच्या मनात प्रथम कुष्ठरोग येतो, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण तो रोग राज्यात अजून आहे. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर स्पर्शाची संवेदना बहुधा कमी झालेली असते, लीशमॅनियाच्या चट्ट्यावर ती शाबूत राहते. न भरणारा व्रण असेल तर त्वचेचा क्षयरोग आणि बुरशीचे संसर्ग यांचाही विचार होतो. खात्री करायची तर व्रणाच्या कडेला लहानशी चीर देऊन तेथील द्रव काचपट्टीवर घेतात, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि भक्षकपेशींच्या आत ते गोल पिंड शोधतात. जात ओळखण्यासाठी जनुकीय चाचणी लागते. उपचारांत अँटिमनीची इंजेक्शने व्रणात किंवा स्नायूत देतात, मिल्टेफोसिनच्या गोळ्या वापरतात, आणि लहान व्रणाला नियंत्रित उष्णता देण्याची पद्धतही उपयोगी ठरली आहे, जिचा बिकानेरच्या वैद्यांनी चांगला अनुभव घेतला आहे. परजीवीच्या त्वचेतील जाती शरीरातील आतल्या तापमानापेक्षा थोड्या थंड जागी वाढतात, म्हणून उष्णता त्यांना मानवत नाही. लीशमॅनियाच्या प्रतिकारशास्त्रावर पुण्यातच, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात, दीर्घकाळ संशोधन झालेले आहे. म्हणजे तज्ज्ञता मुळशीपासून दूर नाही.

पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची २००६ ची केंद्रीय अधिसूचना मोठ्या प्रकल्पांकडून हवा, पाणी, माती आणि वनस्पती-प्राण्यांचा आढावा मागते. या आढाव्यांत झाडे मोजली जातात, पक्षी आणि सस्तन प्राण्यांच्या याद्या होतात, पण रात्री प्रकाशसापळा लावून त्या उतारावर कोणते चावणारे कीटक आहेत, कोणत्या बिळांत आहेत आणि कोणत्या प्राण्याचे रक्त पितात, हे पाहण्याची रीत आपल्याकडे पडलेली नाही. डोंगरात शहर वसवण्याच्या प्रत्येक प्रस्तावात हा अभ्यास बांधकामापूर्वी आणि नंतर दर काही वर्षांनी सक्तीचा असावा, राडारोडा वस्तीच्या कडेला न लोटता हलवावा किंवा गाडावा, आणि मजुरांची घरे ढिगांपासून व गोठ्यांपासून वाळूमाशीच्या उड्डाणाच्या टप्प्याबाहेर ठेवावीत. लवासा परिसरात राहणाऱ्या, तेथे काम करणाऱ्या किंवा सुट्टीला जाणाऱ्या वाचकाने भिऊन जाण्याचे कारण नाही. परंतु उघड्या अंगावरचा न दुखणारा व्रण दोन महिन्यांतही भरला नाही, किंवा काळ्या आजारातून उठलेल्या कोणाच्या अंगावर फिकट चट्टे दिसू लागले, तर मलमे बदलत बसण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे, गेल्या दोन-तीन वर्षांत कोठे कोठे राहणे झाले ते सांगावे आणि व्रणाच्या कडेची तपासणी करून मागावी.